घड्याळ पुढे का पळत होते?

वडिलांनी निवृत्तीच्या वेळी घेतलेले स्वयंचलित स्विस घड्याळ गेल्या आठवड्यापासून दिवसाला चार-पाच मिनिटे पुढे जाऊ लागले, तेव्हा आता मोठा खर्च उभा राहणार या धास्तीनेच मी आज दादरच्या एका वयस्कर घड्याळजींकडे गेलो. त्यांनी मागचे झाकण उघडलेसुद्धा नाही. घड्याळाजवळ होकायंत्र धरले आणि त्याची सुई हलली. टॅबलेटच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतात आणि मी रोज रात्री घड्याळ नेमके त्यावरच ठेवत होतो. चुंबकत्वामुळे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, ती जणू आखूड होते आणि तासाला २८,८०० ठोक्यांच्या हिशेबाने चालणारे चक्र अधिकच भरभर झुलू लागते. (ओमेगा या स्विस घड्याळ कंपनीने २०१३ साली १५,००० गॉस इतक्या तीव्र चुंबकीय क्षेत्रालाही दाद न देणारे यंत्र जाहीर केले, ते याच दुखण्यावर, आमचे घड्याळ त्याच्या कितीतरी आधीचे.)

चुंबकत्व काही सेकंदांत उतरले. बोलणी मात्र बराच वेळ खाल्ली, कारण मी रात्री अकराला तारीख बदलतो हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्या सुमारास तारखेच्या चक्राचे दाते आधीच गुंतलेले असतात आणि जबरदस्ती केल्यास तुटू शकतात. चावीजवळची रबरी कडी सुकली आहे, ती बदलेपर्यंत घड्याळ पावसात नेऊ नका, असेही त्यांनी बजावले. सध्या ते लाकडी पेटीत आहे, टॅबलेटपासून दूर.