छापून झाल्यावर उरलेलं पान

छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेलं कॉमिकचं मूळ पान पहिल्यांदा जवळून पाहणाऱ्याचा थोडा विरसच होतो. अंकात एकसंध गडद दिसणारा काळा रंग इथे ठिगळाठिगळांचा निघतो. कुठे ब्रशचे फटकारे उठून दिसतात, कुठे शाई पातळ पडलेली. नाकाची रेघ चुकली म्हणून तिच्यावर पांढरा रंग फासलेला आणि त्याच्यावर दुसरं नाक. चौकटीबाहेर पेन चालतंय का ते पाहण्यासाठी ओढलेल्या रेघोट्या, पान क्रमांक, संपादकाची घाईतली खूण. काळ्या भागाच्या कडेला बारकाईने पाहिलं तर पेन्सिलीची एक इवलीशी फुलीही सापडते. 'एवढा भाग काळा भर' हा पेन्सिलकाम करणाऱ्याने शाईवाल्याला दिलेला निरोप. मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाचे चित्रकार जॅक कर्बी यांच्या साठच्या दशकातल्या अनेक पानांच्या समासात तर त्यांच्या हातची वाक्यंच्या वाक्यं आहेत. चित्र आधी तयार व्हायचं आणि स्टॅन ली त्यावर संवाद लिहायचे. या चौकटीत नेमकं काय चाललंय हे लेखकाला कळायला हवं ना!

यातलं काहीच छापील अंकात येत नाही. येऊ नये अशीच व्यवस्था होती. फिकट निळी पेन्सिल वापरायची ती छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे म्हणून. फोटो निघाला, प्लेट तयार झाली की पानाची गरज संपली. मग ती पानं गोदामात पडून राहिली, भेटीला आलेल्यांना वाटली गेली, काही फाडून टाकली गेली. अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशकांनी पानं चित्रकारांना परत द्यायला सुरुवात केली ती सत्तरच्या दशकाच्या मध्याला. खुद्द कर्बींना जुनी पानं मिळवण्यासाठी मार्व्हलशी भांडावं लागलं आणि 1987 मध्ये जी हाती आली ती त्यांनी काढलेल्या एकूण पानांचा लहानसा हिस्सा होती. याउलट, स्पायडरमॅनच्या पहिल्या गोष्टीच्या अंकाची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली 24 मूळ पानं 2008 मध्ये कुणी अनामिकाने लायब्ररी ऑफ काँग्रेसला चक्क दान करून टाकली.

प्रत एकच, त्यामुळे छापील किंमत नाही आणि 'दुसरं दाखवा' म्हणायची सोय नाही. अशी मूळ पानं जमवण्याच्या छंदातली सगळी मजा आणि सगळी डोकेदुखी यातूनच येते.

भाव कशावर ठरतो? ढोबळ उतरंड सगळ्यांना पाठ असते: कव्हर सर्वांत वर, मग पूर्ण पानभर एकच चित्र असलेला स्प्लॅश, मग चौकटींची पानं. चौकटींच्या पानांतही नायक पोशाखात आहे की कोट-टाय घालून ऑफिसात बसलाय, मारामारी आहे की नुसत्या गप्पा, यावर किंमत दुप्पट-तिप्पट हलते. पण उतरंड मोडणारी पानंही असतात. जानेवारी 2022 मध्ये मार्व्हलच्या 'सीक्रेट वॉर्स' मालिकेच्या आठव्या अंकातलं 25 वं पान 33.6 लाख डॉलरला गेलं. माइक झेक यांचं हे साधं चौकटींचं पान. मात्र स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख चढतो तो याच पानावर, आणि पुढे त्या पोशाखाचाच व्हेनम हा खलनायक झाला. म्हणजे पैसे रेषेला कमी आणि प्रसंगाला जास्त पडले. ज्यांना रेषा आवडते त्यांच्यासाठी ही आनंदाची बातमी आहे: ज्या पानावर कुणी प्रसिद्ध मरत नाही की जन्मत नाही, अशी देखणी पानं तुलनेने स्वस्तात सुटतात.

विकत घेताना पान नक्की कोणाचं, हे आधी विचारावं. पूर्वी पेन्सिल आणि शाई एकाच कागदावर असायची आणि परत आलेली पानं दोघा चित्रकारांत वाटली जायची. पेन्सिलवाल्याचा वाटा सहसा मोठा. आता पेन्सिलचित्र स्कॅन होऊन ईमेलने जातं, शाईवाला ते फिकट निळ्या रंगात दुसऱ्या बोर्डवर, म्हणजे जाड चित्रकागदावर, छापून घेतो आणि त्यावर शाई करतो. त्यामुळे एकाच पानाची दोन मूळ पानं होतात, आणि शाईच्या पानावर पेन्सिलवाल्याने हातही लावलेला नसतो. विक्रेता प्रामाणिक असेल तर स्वतःहून सांगतो. नसेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग सांगतं: छापलेला निळा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो, खऱ्या पेन्सिलीचे कण कागदाच्या खरखरीत पोतावर अडकलेले असतात आणि दाब दिला असेल तिथे बारीक खाच पडलेली असते. हल्ली कित्येक जण थेट स्क्रीनवरच काढतात. तिथे मूळ पान नसतंच. 'एकमेव प्रत' म्हणून सहीचा प्रिंट मिळतो, तो घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर तो प्रिंटच आहे.

नकली पानांचा बंदोबस्त करायला मोजपट्टीही कामी येते. 1967 च्या आसपासपर्यंत अमेरिकी कॉमिकची पानं मोठी काढत, चित्राचा भाग साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच. नंतर तो दहा बाय पंधरावर आला, 11 बाय 17 च्या बोर्डवर. 1963 चं म्हणून दाखवलेलं पान या छोट्या मापाचं निघालं, तर पुढचं बोलणं थांबवायला हरकत नाही. दुसरी तपासणी अंक शेजारी ठेवून करायची. छापताना कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून मूळ पानावर चित्र अंकापेक्षा जरा पुढे गेलेलं असतं. अंकावरून गिरवणाऱ्याची रेघ अंक संपतो तिथेच संपते. आणि गिरवलेली रेघ मंद असते. ब्रशचा फटकारा जाड होत होत बारीक होतो, गिरवणारा मात्र दोन्ही कडा जपत जातो आणि रेघ थरथरते. सर्वांत जास्त बनवाबनवी मात्र पानांत नसून दोन मिनिटांत काढल्या जाणाऱ्या सहीच्या स्केचेसमध्ये आहे. तिथे ताडून पाहायला अंकच नसतो. तेव्हा स्केच कुठून आलं, कोणाकडून आलं, हे सांगता न येणाऱ्याकडून ते घेऊ नये.

माणसांशी व्यवहार हा यातला निम्मा भाग. संग्राहकांचं जग छोटं आहे, कोण शब्द पाळतो आणि कोण फिरवतो हे वर्षभरात सगळ्यांना कळतं. विक्रेत्याने किंमत सांगितली आणि आपण 'घेतो' म्हटलं, की सौदा झाला. मग रात्री झोपून सकाळी विचार बदलायचा नाही. विकायला नसलेल्या पानाला 'कितीला द्याल?' असं विचारण्यात गैर काही नाही, पण आकडा आपण आधी बोलावा. समोरच्याकडून आकडा काढून घेऊन गायब होणाऱ्याला पुढच्या वेळी उत्तर मिळत नाही. मोठ्या रकमेला हप्ते चालतात, पानाच्या बदल्यात पान अधिक वरचे पैसे असाही सौदा होतो. लिलावात मात्र बोलीवर लिलावगृहाचं कमिशन चढतं, अनेकदा वीस टक्के किंवा जास्त. ते डोक्यात धरूनच हात वर करावा. कॉमिकप्रेमींच्या संमेलनात चित्रकाराच्या टेबलावर दोन-तीन पानं एकदम घेताना थोडं कमी करा म्हणणं चालतं. त्याच्या स्केचच्या दरावर घासाघीस करणं मात्र अपमान आहे, कारण तो त्याच्या तासाचा दर आहे.

हवं ते चित्र काढून घ्यायचं असेल तर तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: कोण, कुठल्या काळातल्या पोशाखात, आणि कमरेपर्यंत की पूर्ण. दोन-तीन संदर्भचित्रं द्यावीत आणि बाकीचं चित्रकारावर सोडावं. डावा हात इथे, चंद्र तिथे, मागे अमुक इमारत अशी यादी दिली की चित्र यादीसारखंच येतं. पैशांचं गणित इथे अवघड असतं. पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेवर तक्रार करायची मुदत पैसे दिल्यापासून 180 दिवसांची आहे आणि नावाजलेल्या चित्रकाराची प्रतीक्षायादी सहज त्याहून लांब असते. त्यामुळे थोडा विसार देऊन उरलेली रक्कम चित्राचा फोटो पाहिल्यावर द्यावी. मित्र-नातलगांना पैसे पाठवायचा पर्याय वापरा, फी वाचेल, असं अनोळखी माणूस सुचवू लागला तर वाचणाऱ्या फीबरोबर तक्रारीचा हक्कही जातो हे ध्यानात असू द्यावं. उशीर झाला म्हणजे फसवणूक झाली असंही नाही. प्रकाशकाची तारीख नेहमी आधी लागते. महिन्याकाठी एक नम्र निरोप पुरतो, रोज विचारणाऱ्याचं चित्र यादीत खाली सरकतं.

पान पोहोचेपर्यंत जीव टांगणीला लागतो, आणि यातला बराचसा दोष पॅकिंगचा असतो. पान प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते पाकीट एका पुठ्ठ्याला चारही बाजूंनी चिकटपट्टीने जखडावं. पुठ्ठा पानापेक्षा सगळीकडून दोन इंच मोठा हवा, म्हणजे पार्सल कोपऱ्यावर आपटलं तरी पानाचा कोपरा वाचतो. वरून दुसरा पुठ्ठा ठेवताना दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या कागदी नळ्या एकमेकींना काटकोनात याव्यात. एकाच दिशेत ठेवलेले दोन पुठ्ठे एकदम मुडपतात. विक्रेत्याला हे आधीच लिहून पाठवायला लाजू नये. नळकांड्यात गुंडाळून पाठवतो म्हणाला तर ठाम नाही म्हणावं, कारण वाकवल्यावर पांढऱ्या रंगाचे थर तडकतात.

घरी आल्यावर आम्लरहित पाठपुठ्ठा, पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट आणि अंधार एवढं पुरतं. इंडिया इंक, म्हणजे काजळीची काळी शाई, उजेडाला बऱ्यापैकी टिकते, मार्कर टिकत नाही. मार्करने भरलेले काळे भाग कालांतराने तपकिरी किंवा जांभळट होतात, म्हणून मार्करचं चित्र भिंतीवर लावूच नये. फ्रेम करायची तर काच आणि कागदामध्ये माउंटचं अंतर हवं आणि पान कशालाही पूर्ण चिकटवलेलं नको. जुन्या पानांवर संवादाचे फुगे वेगळ्या कागदावर लिहून डकवलेले असतात. त्यांचा गोंद वाळून पिवळा पडतो आणि एक दिवस फुगा निसटून पाकिटाच्या तळाशी सापडतो. तेव्हा घरातला गोंद शोधायला धावू नये. फुगा छोट्या पाकिटात घालून पानाच्या मागेच ठेवावा, चिकटवायचा की नाही ते कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञावर सोडावं, आणि पान कधी विकलंच तर तो सोबत द्यायला विसरू नये.