सगळी उत्तरे बरोबर, तरीही बाहेर

पुण्यात फिजिओथेरपी शिकून मी सिडनीला आले, तेव्हा रग्बी म्हणजे एकच खेळ अशी माझी समजूत होती. पश्चिम सिडनीत ही समजूत फार काळ टिकत नाही. इथे रग्बी म्हणजे रग्बी लीग. सामन्यासाठी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लब रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले आणि पुढे त्यातूनच तेरा जणांचा, सहा टॅकलनंतर (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून अडवणे म्हणजे टॅकल) चेंडू सोडून द्यावा लागणारा हा वेगळा खेळ आकाराला आला. एनआरएल या रग्बी लीगच्या इथल्या सर्वोच्च स्पर्धेत २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवणाऱ्या पेन्रिथ पँथर्स या क्लबचे अनेक खेळाडू याच उपनगरांतून वर आलेले असल्यामुळे इथल्या पोरांना ती वाट आपल्या दारातूनच जाते असे वाटते.

वाट अरुंद आहे. सतरा वर्षांखालील हॅरल्ड मॅथ्यूज कप, एकोणीस वर्षांखालील एस. जी. बॉल कप, एकवीस वर्षांखालील जर्सी फ्लेग, त्यानंतर न्यू साउथ वेल्स कप आणि शेवटी एनआरएल. प्रत्येक पायरीवर निम्म्याहून अधिक मुले गळतात, असे मी तरी पाहिले आहे. मी तेव्हा एस. जी. बॉलच्या एका संघाबरोबर काम करत होते. आमचा हूकर (मैदानाच्या मध्यभागी खेळणारा खेळाडू) सामोअन कुटुंबातला, अंगाने लहानखुरा, पण टॅकलला कधी न थकणारा. या जागेमुळे हूकरच्या वाट्याला सर्वांत जास्त टॅकल येतात. मोठ्यांच्या सामन्यात एकेकाचा आकडा चाळिशीपलीकडे जातो.

तो सामना फेब्रुवारीच्या कडक उन्हात होता आणि एका मोठ्या क्लबचा खेळाडू हेरणारा माणूस खास या मुलासाठी येऊन बसल्याचे सर्वांना ठाऊक होते. मुलगा पूर्वार्धात अप्रतिम खेळला. उत्तरार्धात मात्र धावत येणाऱ्या एका धिप्पाड खेळाडूला अडवताना त्याचे डोके चुकीच्या बाजूला, म्हणजे त्या खेळाडूच्या पुढ्यात गेले आणि समोरच्याची कंबर त्याच्या कानशिलावर आदळली. कबड्डीत पकड करताना डोके आत अडकले की जे होते, तेच इथे दुप्पट वेगाने होते. तो लगेच उठला, पण उठल्यावर दोन पावले तिरपी पडली. प्रेक्षकांना ती दिसलीही नसतील, कारण सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते. माझे काम चेंडू पाहण्याचे नसते.

एनआरएलमध्ये अशा प्रसंगी स्वतंत्र डॉक्टर पडद्यावर चित्रफीत मागेपुढे करून पाहतो आणि मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय असेल तर तपासणीसाठी पंधरा मिनिटे मिळतात. आमच्या पातळीवर चित्रफीत नाही आणि परत येण्याची सोयही नाही. शंका आली की खेळाडू बाहेर, त्या दिवसापुरता विषय संपला. मी त्याला बाहेर घेतले. प्रशिक्षकांनी फक्त एकदा माझ्याकडे रोखून पाहिले आणि बदली खेळाडूला हाक मारली. मुलाने मात्र खूप विनवणी केली. मैदान कोणते, पूर्वार्ध की उत्तरार्ध, शेवटचे गुण कोणी मिळवले, मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो, या ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याने मी विचारण्याआधीच धडाधड देऊन टाकली. सगळी बरोबर होती. डोक्याला मार लागलेला माणूसही सुसंगत बोलू शकतो, हे त्या वयात पटवणे कठीण असते. त्याची आई गॅलरीतून खाली आली, तिने माझ्याकडून सगळे नीट ऐकून घेतले आणि मुलाला त्याच्या भाषेत असे काही सुनावले की तो मुकाट्याने बाकावर बसला. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या.

ऑस्ट्रेलियात २०२४ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकोणीस वर्षांखालील खेळाडूला अशा दुखापतीनंतर किमान २१ दिवस सामना खेळता येत नाही आणि टॅकलच्या सरावाआधी सलग १४ दिवस एकही लक्षण नसावे लागते. इथेच बहुतेक मुले लपवाछपवी करतात. काही महाभाग तर हंगामाआधी होणाऱ्या मेंदूच्या चाचणीत मुद्दाम कमी गुण पाडून ठेवतात, म्हणजे पुढे मार लागला तरी फरक दिसू नये. हा मुलगा मात्र दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून आला आणि सायकल चालवल्यावर डोके ठणकते, असे सांगितले. ते १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले आणि साखळीतले उरलेले बहुतेक सामने हुकले. त्या काळात आम्ही फक्त मऊ गादीवर, चालण्याच्या वेगाने, डोके कुठे ठेवायचे याचाच सराव केला. कंटाळवाणा प्रकार होता.

हंगाम संपल्यावर त्या खेळाडू हेरणाऱ्या माणसाचा फोन आला. मुलाची लेखी संमती आल्याशिवाय मी वैद्यकीय बाबींवर एक अक्षर बोलणार नाही, असे सांगितल्यावर त्याने ती आणवली. त्याला वेगाबद्दल किंवा वजनाबद्दल काही विचारायचे नव्हते. ते त्याच्या वहीत होतेच. मुलगा तुमच्याशी खोटे बोलला का, एवढेच त्याने विचारले. नाही, मी म्हणाले, उलट खरे बोलून त्याने स्वतःचे सामने घालवले. कराराच्या खेळाडूवर क्लब पैसे गुंतवतो आणि दुखापत लपवणारा खेळाडू सर्वांत महाग पडतो, असा त्याचा हिशेब होता. हिशेब व्यापारी असला तरी मला तो पटला.

पुढचे भराभर घडले. जर्सी फ्लेगमध्ये एक हंगाम, मग न्यू साउथ वेल्स कप, आणि नंतर क्लबच्या तीस जणांच्या मुख्य संघात जागा. पदार्पणाच्या आदल्या दिवशी पहिली जर्सी घरच्यांच्या हातून देण्याची पद्धत बऱ्याच क्लबांत आहे. ती त्याला आईने दिली. पाठीवर १४ क्रमांक होता, म्हणजे सुरुवात राखीव बाकावरून. सामना मी घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. तो मैदानात उतरल्यापासून माझे लक्ष प्रत्येक टॅकलला त्याचे डोके कोणत्या बाजूला जाते इकडेच होते, त्यामुळे सामना कोण जिंकले ते मला शेवटी नवऱ्याला विचारावे लागले.