खळ्यावरचा पूल आणि पन्नास किलो मीठ

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, छातीपर्यंतच्या पाण्यात रोज अर्धा तास चालवा, गुडघ्यावर भार येत नाही. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या केळीपट्ट्यात. रोज जाऊन येता येईल असा तलाव जवळ नाही. म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यात मळ्यातल्या खळ्यावर जमिनीवरचा, फ्रेमचा पूल, म्हणजे पोहण्याचा कृत्रिम तलाव, उभा केला. खळं सपाट आणि चोपून घट्ट झालेलं, त्यामुळे पाया घालण्याचा प्रश्नच आला नाही. पूल १५ फूट व्यासाचा, ४ फूट उंच. साडेतीन फूट भरला की साडेसतरा हजार लिटर पाणी बसतं.

पहिल्या वर्षी ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरली. सकाळी टाकावी, तर दुपारी तपासणीच्या पट्टीला रंगच येत नसे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उघड्या पाण्यातलं क्लोरीन तास-दोन तासांत उडून जातं. मग संध्याकाळी जास्त टाकायचो. चुन्याचा गाळ तळाशी, पाणी दुधाळ, आईचे डोळे लाल. टीसीसीएच्या, म्हणजे हळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्याही आणून पाहिल्या. त्यांतून स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक अ‍ॅसिड) पाण्यात साठत जातो आणि तो फार वाढला की क्लोरीन असूनही कामाला येत नाही.

मग मिठाच्या यंत्राचा विचार सुरू केला. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मीठ टाकीसनी पाणी साफ कसं व्हई रे भाऊ?" तिला समजावताना मलाही नीट समजलं. या पाण्यातही क्लोरीन असतंच, फक्त ते तिथेच तयार होतं. लिटरमागे ३ ग्रॅम मीठ विरघळलेलं पाणी पंपाने यंत्राच्या सेलमधून जातं. सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांवर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा लेप असतो. पट्ट्यांतून वीज वाहिली की मिठातून क्लोरीन सुटतं, आपलं काम करतं आणि शेवटी पुन्हा मीठच होतं. समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅमचं. आपल्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा आमच्या पूलपेक्षा खारट असतं.

यंत्र निवडताना सगळ्यात जास्त वेळ विजेच्या हिशोबात गेला, आणि तो गेला हे बरंच झालं. दुकानदाराने तासाला ५ ग्रॅम क्लोरीन देणारा सेल दाखवला. "एवढ्या पूलला पुरतो," म्हणाला. पुरतो, पण पंप चौदा-पंधरा तास चालला तर. मळ्यात उन्हाळ्यात भरवशाची वीज मी आठच तास धरतो. स्टॅबिलायझर घालूनही मे महिन्यात दिवसाला लिटरमागे ४ मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतं, हे मी आदल्या वर्षी पट्टीवर रोज लिहून ठेवलं होतं. म्हणजे दिवसाला ७० ग्रॅम. आठ तासांत ते हवं तर तासाला ९ ग्रॅम लागतात. मी १२ ग्रॅमचा घेतला आणि पाऊण क्षमतेवर चालवतो. वीज असेल तर रात्रीच, कारण रात्री तयार झालेलं क्लोरीन उन्हात जळत नाही आणि सहाला आई पाण्यात उतरते तेव्हा ते पुरेसं असतं. पूल घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे, पेटीवर छापलेले लिटर बघू नका. तासाला किती ग्रॅम ते विचारा आणि आपल्या विजेच्या तासांनी गुणा.

दुसरी गोष्ट क्षारांची. बोअरच्या पाण्याची कठीणता तपासली तर लिटरला ५४० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्यासाठी ६०० ही शेवटची मर्यादा असते. सेलच्या पट्टीवर पाणी अल्कली होतं आणि कॅल्शियम तिथेच बसतं. ड्रिपच्या नळ्यांत जो पांढरा थर जमतो, तोच हा. केळीवाल्याला तो नवा नाही, आपण वर्षातून ड्रिपला अ‍ॅसिड ट्रीटमेंट देतोच. म्हणून पूल बोअरऐवजी नदीकडच्या विहिरीच्या पाण्याने भरला आणि सेल विजेची दिशा आपोआप उलटवणारा घेतला, म्हणजे बसलेला थर सुटत राहतो. तरी दोन महिन्यांनी सेल काढून पातळ अ‍ॅसिडने धुतो. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. या यंत्राने पीएच चढत राहतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा तपासून ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा लागतो.

मीठ गुरांच्या खुराकाचं जाडं घेऊ नका, त्यात माती आणि मॅग्नेशियम असतं. मी २५ किलोच्या दोन गोण्या शुद्ध मीठ घेतलं, सेल बंद ठेवून नुसता पंप चोवीस तास फिरवला, मग सेल चालू केला. स्टॅबिलायझर ७०० ग्रॅम पुरला.

चौकट लोखंडी आहे, गॅल्व्हनाइज केलेली असली तरी. सांध्यांवर खारं पाणी वाळून पांढरं होतं, ते रोज गोड्या पाण्याने धुतो. चौकटीला जस्ताचा तुकडा जोडला आहे, लोखंडाच्या आधी तो झिजतो. आणि अर्थिंग! मळ्यात बहुतेकांचं अर्थिंग म्हणजे जमिनीत ठोकलेली सळई. मी मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने करून घेतला आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. पाण्यात माझी आई असते, यात तडजोड नाही.

खरी चिंता मात्र वेगळी होती. या पन्नास किलो मिठाचं पुढे काय? केळीला खारं पाणी सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. आणि काळ्या जमिनीत सोडियम साठला की जमीन चोपण होते, पाणी मुरेनासं होतं. चोपण झालेलं शेत मी लहानपणी पाहिलं आहे, पावसानंतर त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसायची. म्हणून वाळूचा फिल्टर घेतला नाही. तो उलटा धुताना दर खेपेला शेकडो लिटर खारं पाणी बाहेर जातं. कार्ट्रिज फिल्टर बादलीभर पाण्यात धुऊन होतो. बाष्पीभवनात मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं, तेव्हा वरून साधं पाणी भरलं की झालं. दोन उन्हाळ्यांत मी पूल पूर्ण रिकामा केलेला नाही.

पावसाळ्याचं तेवढं राहतं. झाकण असलं तरी पूल काठोकाठ भरून सांडतो, आणि खळ्याचा उतार केळीच्या बागेकडे आहे. गेल्या वर्षी खळ्याच्या कडेने चारी काढून ते पाणी विहिरीपासून दूर, रस्त्याच्या मुरमाकडे वळवलं. उन्हाळ्यात बैलगाडी-ट्रॅक्टरने ती बुजली आहे. मृगाच्या आधी पुन्हा उकरायची आहे.