खदानीत उतरलेली बाग : व्हिक्टोरियाला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी

आमच्या गावाबाहेर, सातपुड्याच्या अंगाला, एक बंद पडलेली खदान आहे. क्रशर गेलं, खडी गेली, राहिला तो नुसता खड्डा. पावसाळ्यात त्यात हिरवं पाणी, उन्हाळ्यात बाभळी आणि प्लास्टिक. म्हणून मे महिन्यात मुलीकडे कॅनडात व्हँकुव्हरला गेलो आणि तिने विचारलं, "आप्पा, काय काय पाहायचंय?" तेव्हा मी म्हटलं, बाकीचं राहू दे, ती खदानीतली बाग आधी दाखव. रावेर-यावलकडून मुलाबाळांकडे तिकडे जाणारे आता बरेच आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितोय.

बागेचं नाव बुचार्ट गार्डन्स. व्हँकुव्हर शहर वेगळं आणि व्हँकुव्हर बेट वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. बाग बेटावर आहे, व्हिक्टोरिया शहराजवळ. त्सावासनच्या धक्क्यावरून गाडीसकट जहाजात चढायचं, १ तास ३५ मिनिटांत स्वार्ट्झ बे येतं, तिथून बाग जवळच. गाडीची जागा आधी बुक करा. आम्ही केली नाही, एक जहाज डोळ्यांदेखत गेलं आणि सकाळचा मोलाचा वेळ धक्क्यावर गेला. व्हिक्टोरियात मुक्काम असेल तर शहरातून ७५ नंबरची बस थेट बागेला जाते. स्वेटर मे महिन्यातही जवळ ठेवा. भुसावळचं ऊन सोसलेल्या माणसाला डेकवरचा वारा झोंबतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हिने बांधून घेतली होती, ती जहाजातच संपली.

आता मुख्य गोष्ट. रॉबर्ट बुचार्ट हे सिमेंटवाले. १९०४ च्या सुमारास टॉड इनलेट या खाडीकाठी त्यांनी चुनखडी काढायला सुरुवात केली. पाच-सहा वर्षांत दगड संपला आणि घराशेजारी भलामोठा खड्डा उरला. त्यांच्या पत्नी जेनीबाईंनी तो बुजवला नाही. आसपासच्या शेतांतून घोडागाड्यांनी माती आणून तळाशी पसरली आणि खड्ड्याचा खड्डाच ठेवून त्यात बाग लावली. १९२१ पर्यंत ते काम चाललं. म्हणजे दहा-बारा वर्षं! केळीचं खोड नऊ-दहा महिन्यांत घड देतं, तेवढ्यातही आपला जीव वरखाली होतो.

आत गेल्यावर आधी कठड्याशी उभे राहा, उतरायची घाई करू नका. वरून सगळी बाग एका नजरेत येते : मध्ये दगडी टेकाड, भोवती फुलांचे वाफे, वळत जाणारी वाट. सिमेंट कारखान्याची एक जुनी चिमणीही झाडांच्या वर डोकं काढून उभी आहे. मग खाली उतरा आणि फुलांकडे पाठ करून भिंत पाहा. माझा निम्मा वेळ तिथेच गेला. उघड्या कातळाच्या चिरांत जेनीबाईंनी आयव्हीची वेल खोचली. त्यासाठी दोरांना बांधलेल्या पाटावर बसून त्या स्वतः कड्यावरून लोंबकळल्या होत्या. मी एका वेलीच्या खोडाला हात लावला. मनगटाएवढं जाड, आणि त्याच्या बारीक मुळ्या दगडाला अशा चिकटलेल्या की नखानेही सुटेनात. खदानीचा सर्वांत खोल भाग त्यांनी भरलाच नाही, तिथे तळं आहे. त्यात १९६४ साली बसवलेलं कारंजं सत्तर फूट उडतं. आपल्या खदानीत साचणारं पाणी आठवलं आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही.

गुलाबांची, जपानी आणि इटालियन अशा आणखी बागा आहेत. चांगल्या आहेत, पण वेळ कमी असेल तर त्या भरभर उरका. सगळी मिळून ५५ एकर जागा आहे, तीन-चार तास हाताशी ठेवा. ट्युलिप पाहायचे तर एप्रिल, गुलाब जूनच्या शेवटापासून. तिकीट हंगामाप्रमाणे बदलतं, उन्हाळ्यात सर्वांत महाग, थंडीत स्वस्त. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या टाळायचा रस्ता गेटवरच विचारून घ्या. दुपारी बसगाड्या भरून माणसं येतात, म्हणून गेट उघडताच आत शिरा.

परत आल्यापासून मी दोनदा आमच्या खदानीवर जाऊन आलो. आपला दगड काळा, त्याला चुनखडीचे नियम लागू नाहीत, पण काळ्या दगडाचीच काळी माती होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. धरणातला गाळ शेतात टाकतोच आपण, त्यातल्या चार ट्रॉल्या या उन्हाळ्यात खदानीच्या तळाशी पडतील. माझ्या दोन कबूल आहेत. पिंपळ आणि वड चिरांत आपोआप येतात, त्यांना फक्त कुणी तोडू नये. बागेचे फोटो पाहायचे असतील त्यांनी संध्याकाळी ओट्यावर यावं. फुलांचे कमी आहेत, भिंतीचे जास्त.