दुधाचं बिल आणि कराडचं घर

परवा दूधवाल्याला बिल द्यायला गेले तर तो म्हणतो, ताई, काकांनी दिलं की. तीन महिने बाबा गुपचूप दुधाचं बिल भरतायत आणि मला पत्ताच नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोघं कराडहून आमच्याकडे पुण्याला आले त्याला दीड वर्ष झालं, तरी बाबांच्या मनातून जात नाही की आपण लेकीच्या घरी राहतोय. आमची आजी लेकीकडे पाणीसुद्धा प्यायची नाही, बाबा तेवढे जुने नाहीत, पण तिसरी पोळी वाढताना हात आडवा येतो ना त्यांचा, ते मला फार लागतं.

दादा बंगलोरला. तो मनाने वाईट नाही, आईबाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता तोच भरतो, त्यावरची आयकरातली ५० हजारांपर्यंतची वजावटही तोच घेतो, घेऊ दे. पण "बाबांना पेन्शन आहे, मग तुला खर्च असा काय पडतो?" असं तो म्हणाला तेव्हा मला रडूच आलं. आईच्या फिजिओसाठी मी १९ सुट्ट्या टाकल्या, रात्री दोनदा उठून तिला बाथरूमला नेलं, हे कुठल्या खात्यात मांडायचं?

आणि मग दिवाळीत घराचा विषय. दादा म्हणाला आत्ताच बक्षीसपत्र करून दोघांच्या नावावर निम्मं निम्मं करा, मुलांना राहतं घर द्यायला स्टॅम्प ड्युटी २०० रुपयेच आहे. मी नाही म्हटलं. सगळ्यांना वाटलं हिला जास्त हवंय, आमच्या ह्यांनीसुद्धा विचारलं. मला निम्मंसुद्धा नकोय आत्ता! घर बाबांनी पगारातून, कर्ज काढून बांधलंय, ते आहेत तोवर त्यावर ना दादाचा हक्क ना माझा. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर मुलांनी सांभाळलं नाही तर परत मागता येतं, पण अट कागदावर नसेल तर म्हाताऱ्या माणसाने प्रांत ऑफिसला किती खेटे घालायचे? त्याच कायद्यात सांभाळायची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, म्हणून मी दादाला फोन करून सरळ सांगितलं, घर बाबांच्याच नावावर राहील, भाड्याने देऊ, भाडं त्यांच्या खात्यात, आणि आईसाठी दिवसभराची बाई ठेवू, तिचा पगार अर्धा तू अर्धा मी. तो दोन दिवस बोलला नाही, मग पहिल्या महिन्याचे पैसे पाठवले.

दुधाचे पैसे परत द्यायला गेले तर आईने अडवलं. म्हणाली, भरू दे गं त्यांना, नाहीतर पाहुण्यासारखे राहतील इथे.

आता दुधाचे खाडे बाबाच कॅलेंडरवर लिहितात. काल मला न विचारता रविवारसाठी एक लिटर जास्त सांगितलं आणि आत येऊन म्हणाले, खीर कर.