टर्बो बाजूला ठेवला: माझ्या एमएक्स-५ ची चौथी नोंद

इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवायची, हा या नोंदींचा खटाटोप. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की त्यासाठी टर्बोच लावणार, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप. तो ज्यावर बसतो त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांचा) पुठ्ठ्याचा साचासुद्धा कापून झाला होता. तो साचा सध्या गिअरबॉक्सखाली तेल टिपायला अंथरलाय. त्या निर्णयाबद्दल ज्यांनी पाठ थोपटली होती, त्यांनी हात मागे घ्यावेत. गाडीवर ब्लोअर चढलाय, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.६ लिटर, कॉम्प्रेशन ९.४ ला १, मूळची ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास. मला दीडशे-एकशेसाठ पुरे, आणि इंजिन उघडायचं नाही. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये चार सिलिंडर १२.४, १२.२, १२.५ आणि १२.१ बार आले. एवढ्या जुन्या इंजिनाकडून आणखी काय मागायचं!

मत फिरलं ते एका लॉगमुळे. हवा मोजणारा फ्लॅपवाला मूळ एअरफ्लो मीटर काढून मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आणि स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) आधीच बसवला होता. म्हटलं, बूस्ट (हवेचा वाढीव दाब) येण्याआधीचा हिशेब हाताशी असू दे. नेहमीच्या घाटात चार फेऱ्या मारल्या आणि आकडे उघडून बसलो. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकलेला वेळ: ६ टक्के. जवळजवळ दोन तृतीयांश वेळ इंजिन ३,००० ते ४,८०० च्या मधेच. मी स्वतःला लाल रेघेवर गाडी पळवणारा समजत होतो. त्या आलेखात दिसला तो वळणात शिरताना पाय काढणारा, मधे पाव दाबणारा, निघताना अर्धा दाबणारा आणि लगेच पुन्हा सोडणारा माणूस. पायाचा आलेख म्हणजे करवतीचे दात.

इथे टर्बोबद्दल एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण गप्पांमध्ये ती हमखास मिसळते. बूस्ट थ्रेशोल्ड आणि लॅग एक नव्हेत. थ्रेशोल्ड म्हणजे ज्या आरपीएमखाली धूरच इतका कमी असतो की टर्बाइन हवा तेवढा दाब बनवू शकत नाही. लॅग म्हणजे त्या आरपीएमच्या वर असूनही पाय दाबल्यावर टर्बाइनच्या चाकाला वेग पकडायला लागणारा वेळ. छोटा टर्बो घेऊन थ्रेशोल्ड खाली आणता येतो; मी बघत होतो त्या मापाचा साडेतीन हजारांच्या आसपास भरला असता, म्हणजे कागदावर माझ्या पट्ट्यात बसत होता. पण माझा पाय दर तीन-चार सेकंदांनी सुटतो. प्रत्येक वेळी टर्बाइनचं चाक मंदावणार आणि मी पुन्हा त्याची वाट बघणार. एकदा मित्राच्या टर्बो गाडीत नेमकं हेच झालं. वळणाच्या मध्यावर मागितलेला पिकअप वळण संपल्यावर आला, आणि मागची चाकं नको तिथे सुटली. चूक माझ्याच पायाची, टर्बोची नव्हे. पण पाय तर माझाच राहणार.

आता ब्लोअरचं बिल. मी घेतला तो इटन कंपनीचा एम४५, जुन्या मिनी कूपर एस मधून काढलेला. नावातले ४५ म्हणजे एका फेऱ्यात ४५ घन इंच, सुमारे ०.७४ लिटर हवा. अर्ध्या बारसाठी माझ्या हिशेबाने तो क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दीडपट फिरायला हवा, म्हणजे इंजिन ७,००० ला असताना तो १०,५०० ला. मिनिटाला साधारण ७,८०० लिटर हवा अर्ध्या बारच्या विरोधात ढकलायला साडेसहा किलोवॅट लागतात. जवळपास ९ अश्वशक्ती थेट क्रँकवरून, पट्टा-बेअरिंगचं घर्षण वेगळं. टर्बोवाले इथे हसतात. हसू देत; त्यांचंही फुकट नसतं, एक्झॉस्टमध्ये तुंबलेला दाब पिस्टनलाच ढकलावा लागतो. तरी वरच्या आरपीएमला सारख्या बूस्टवर टर्बो पुढे राहील, हे मान्य.

उष्णतेतही ब्लोअर हरतो. एम४५ सारखा रूट्स जातीचा ब्लोअर आतल्या आत हवा दाबतच नाही. लोब्जच्या (आतल्या फिरत्या पाकळ्यांच्या) खाचेतून नुसती पलीकडे नेऊन ओततो, आणि पलीकडची दाबलेली हवा उलटी घुसून तिला दाबते. रूट्स बंधूंच्या ज्या यंत्राचं पेटंट १८६० चं, त्याचा गाडीशी संबंधच नव्हता. भट्ट्यांना वारा घालण्याचं काम ते करायचं. ३० अंशांची हवा अर्धा बार चढवली तर ५५ टक्के कार्यक्षमतेच्या ब्लोअरमधून ती ९८ अंशांच्या आसपास बाहेर पडते, ७२ टक्क्यांच्या टर्बोमधून ८२ च्या. ९.४ कॉम्प्रेशनला हे सोळा अंश दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरने टर्बोसोबत कॉम्प्रेशन चक्क १०.२५ ठेवलं होतं आणि नॉकिंग (तापलेलं मिश्रण अवेळी भडकणं) थोपवायला पाणी-मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. मालक ती भरायला विसरायचे. मीही विसरलो असतो, म्हणून पुढे दाबलेली हवा गार करणारा छोटा इंटरकूलर आणि बूस्टच्या दर पीएसआयला (सुमारे ०.०७ बार) ठिणगीचं टायमिंग एक अंश मागे, एवढ्यावर भागवलंय. बूस्टमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण ११.८ ला १. इंधन फवारणारे इंजेक्टर मिनिटाला ३५० सीसीचे.

मग आकड्यांत हरलेला पर्याय का? एक कारण पाय, ते सांगितलं. दुसरं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणारा दात्यांचा डबा. १.६ मध्ये सहा इंची, १.८ वाल्यांना १९९४ पासून सात इंची मिळालं. सारख्या बूस्टला टॉर्क दोन्हीकडे उन्नीस-बीस, पण टर्बोचा टॉर्क धाडकन येतो आणि त्या दातांना मला धाडकन काही द्यायचं नाही. तिसरं कारण लिहायला लाज वाटते: टर्बोला बूस्ट कंट्रोलर असतो. नॉब हातात असली की मी ती फिरवणार. ब्लोअरचा बूस्ट वाढवायला नवी पुली टर्न करून घ्यावी लागते, तोवर डोकं थंड होतं.

शिवाय टर्बो नसल्याने वाचलेली कामं: तेलपंपाकडून फीड नाही, तेल उताराने परत यावं म्हणून इंजिनाच्या तेलपात्राला भोक पाडणं नाही, तापून सैल होणारे मॅनिफोल्ड स्टड नाहीत. एम४५ चं तेल त्याच्याच पोटात. जुना घेणाऱ्यांनी मात्र पुढच्या नाकातला कपलर (पुली आणि लोब्जना जोडणारा तुकडा) आधी बघा. माझा आयडलला डिझेलसारखा खडखडत होता; उघडला तर पिनांची भोकं लंबगोल झालेली. शिवाय मिनीमध्ये याच्या मागच्या टोकावरून वॉटर पंप फिरतो, ते टोक बंद करावं लागतं. मागच्या कप्प्यात तेल जवळजवळ नव्हतंच, होता तो काळा, सडका वास मारणारा चिखल.

हवेची झडप म्हणजे थ्रॉटल ब्लोअरच्या आधी ठेवलाय, हवेला ब्लोअरला वळसा घालू देणाऱ्या बायपास व्हॉल्व्हसकट. आरामात चालवताना बायपास उघडा असतो आणि ब्लोअर नुसताच फिरतो.

पहिल्या फेरीत २,५०० ला पाय ठेवला आणि गाडी लगेच निघाली. आवाज थोडा मिक्सरसारखा आहे, घरच्यांचं मत त्याहून वाईट आहे. पण ५,२०० च्या पुढे गडबड: बूस्ट ०.४४ वर जाऊन परत ०.३८ ला उतरतो आणि चिर्रर्र आवाज येतो. बॉनेट उघडलं तर ब्लोअरच्या पुलीभोवती काळी पूड, जळक्या रबराचा वास. पट्टा घसरतोय. स्टीलची पट्टी आडवी धरली तेव्हा पुली दोन मिलिमीटर पुढे निघाली. वॉशर काढून ती रांगेत आणली. किंकाळी थांबली, बूस्ट अजून ०.४१. छोट्या पुलीला पट्ट्याची मिठीच कमी आहे, कोनमापकाने जेमतेम ११० अंश. सैल बाजूला एक आयडलर (पट्टा वळवणारी मोकळी पुली) घातला तर दीडशेच्या पुढे जाईल.

आयडलरच्या ब्रॅकेटचा साचा कापून झालाय. पुठ्ठा त्याच जुन्या मॅनिफोल्डच्या साच्याचा, तेलाचे डाग नव्हते त्या कोपऱ्यातला.