आबा, थोरात होऊ द्या!

आमच्या तालमीच्या कोजागिरीला दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. दूध खाली लागणार आणि ढवळणाऱ्याची रात्रभर फिरकी घेतली जाणार, ही पहिली. दुसरी म्हणजे सुभेदार आबा चौथऱ्यावर मांडी घालून बसले रे बसले की मागून कुणीतरी ओरडणार, "आबा, थोरात होऊ द्या!"

थोरात म्हणजे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. मूळचे वडगावचे, म्हणजे आमच्या कोल्हापूरकडचेच. जन्म 1906चा, सँडहर्स्टला शिकून 1926 साली फौजेत अधिकारी झालेले. आबा स्वतः मराठा पलटणीतून निवृत्त झालेले. थोरातांच्या हाताखाली ते कधीच नव्हते, पण सांगायचे असे, की शेजारच्याच खंदकात होते!

आम्हा पोरांना हवं असायचं कांगॉ, म्हणजे कांगॉची लढाई. जानेवारी 1945, ब्रह्मदेशातला आराकानचा किनारा. आबा कोळशानं फरशीवर खाडी काढायचे, जपान्यांच्या माघारीचा रस्ता काढायचे आणि चारोळीची वाटी उपडी घालून म्हणायचे, "ही टेकडी. आता चढा." चारोळ्या सांडायच्या, बायका ओरडायच्या, आबांना कशाचं भान नसायचं. तिथं लढणाऱ्या आपल्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि सेन. थोरातांच्या पंजाब पलटणीनं संगिनी लावून ती टेकडी घेतली. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिशांचा लष्करी सन्मान मिळाला. इथं आबा दरवर्षी थांबायचे, पेला तोंडाला लावायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

मोठी माणसं मात्र 'लाल किल्ला' मागायची. तेव्हा आम्हाला तो भाग कंटाळवाणा वाटायचा. त्यात संगिनी नव्हत्या. 1957 पासून थोरात लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख होते. सीमेवरच्या लोंगजू ठाण्यावर चिन्यांशी झालेल्या चकमकीनंतर 1959 साली ईशान्येची सीमा फौजेकडे आली. चीन चालून आला तर काय होईल, हे त्यांनी कागदावर मांडलं आणि मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन दाखवून दिलं. मुद्दा सरळ होता: सीमेवरची ठाणी पहाऱ्यापुरती ठेवा, खरी लढाई मागं द्या, जिथं आपली रसद पोचते. दिल्लीत ते कुणाला पटलं नाही. थिमय्यांनी आपल्यामागं सरसेनापती म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं, नेमणूक झाली थापर यांची, आणि 1961 साली थोरात निवृत्त होऊन घरी आले. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा पूर्व विभागात थोरातांच्या खुर्चीवर कोण होतं? कांगॉच्या टेकडीवरचे तेच सेन. आबा एवढंच सांगायचे; सेनांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

खरं तर या सगळ्यात मधला एक भाग आबा घाईघाईत उरकायचे: कोरिया. मला आता वाटतं, सगळ्यात मोठं काम तिथलंच. 1953 साली युद्ध थांबलं, पण बावीस हजारांहून जास्त कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला आपली सुमारे सहा हजारांची फौज गेली, मेजर जनरल थोरात तिचे प्रमुख. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष री यांना आपल्या शिपायाचा पाय त्यांच्या भूमीवर लागलेला चालत नव्हता, म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट छावणीत उतरवलं. छावणीचं नाव हिंदनगर. एक दिवस चिनी कैद्यांनी आपल्या फौजेतल्या मेजर ग्रेवाल यांना आत ओढून धरून ठेवलं. गोळीबार केला असता तर किती मेले असते कोण जाणे. थोरात स्वतः त्या खवळलेल्या गर्दीत गेले, त्यांच्याशी बोलत राहिले आणि ग्रेवालांना सोडवून आणलं. कोरियातल्या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्राचा दुसरा वर्ग मिळाला, ज्याला पुढं कीर्तिचक्र म्हणू लागले.

"ह्यात लढाई कुठंय आबा?" असं आम्हीच विचारायचो, मग ते तरी काय करणार!

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. सांगायचं काम आता माझ्याकडं आलंय आणि मी सुरुवात कोरियापासून करतो. पोरं ऐकून घेतात, मग वाटी पुढं सरकवून म्हणतात, "काका, आता कांगॉ."